विटांची काळी-पिवळी: लेगोच्या गाड्या जमवणं आणि स्वतः बनवणं म्हणजे नेमकं काय?

"लेगो म्हणजे लहान मुलांचं खेळणं" असं आपल्याकडे अजूनही बरेच जण समजतात. पण जगभरात नोकरी-धंदा करणारी, चांगली चाळिशी-पन्नाशीतली माणसं या प्लास्टिकच्या विटांपासून गाड्या बनवतात. काही जण तयार सेट जमवतात, काही जण त्यात बदल करतात आणि काही जण पेटीवर कधीच न आलेली गाडी शून्यापासून उभी करतात. मी या तिन्ही प्रकारांत थोडं थोडं फिरून आलोय.

आजच्या लेखात हा छंद नेमका कसा चालतो ते पाहूया. नुसती माहिती कंटाळवाणी होते, म्हणून एक खरी गाडी उदाहरणाला घेऊ: मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा आहे. लेगोच्या अधिकृत सेटमध्ये फेरारी आहे, पोर्शे आहे, मिनी कूपर आहे, पण पद्मिनी नाही. म्हणजे ती हवी असेल तर आपणच बनवायची!

थोडक्यात इतिहास

लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची कंपनी. ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. "लेग गोट" म्हणजे डॅनिश भाषेत "छान खेळा", त्यावरून लेगो हे नाव आलं.

आपल्या कामाची तारीख मात्र २८ जानेवारी १९५८. वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या असलेल्या विटेच्या पेटंटचा अर्ज त्या दिवशी केला गेला. उंचवट्यांना स्टड म्हणतात. वरच्या विटेच्या नळ्या खालच्या विटेच्या स्टडना घट्ट धरतात, म्हणून गोंद लागत नाही आणि हवं तेव्हा सुटंही करता येतं. १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. या छंदाचा सगळा पाया हाच आहे. आज घेतलेला तुकडा वीस वर्षांनी बनवलेल्या गाडीतही चालणार.

पुढचे टप्पे झटपट: १९६२ मध्ये चाक आलं, १९७७ मध्ये गिअर-ॲक्सलवाले टेक्निक सेट आले आणि १९७८ मध्ये हात-पाय हलणारा छोटा माणूस, म्हणजे मिनिफिगर आला.

जमवणारे काय जमवतात?

गाड्यांच्या बाबतीत मुख्य तीन घराणी आहेत:

- स्पीड चॅम्पियन्स: २०१५ पासून. तळहातावर मावणाऱ्या स्पोर्ट्स कार. सुरुवातीला या गाड्या ६ स्टड रुंद होत्या, २०२० पासून ८ स्टड रुंद झाल्या. हा बदल का झाला ते पुढे येईलच.
- मोठी शोभेची मॉडेल्स: २०११ ची फोक्सवॅगन टी-वन व्हॅन (१,३३४ तुकडे), २०१४ ची मिनी कूपर (१,०७७ तुकडे), २०१५ ची फेरारी एफ-४० (१,१५८ तुकडे). दारं, बॉनेट, डिकी उघडते, आत सीट दिसतात.
- टेक्निक: इथे दिसण्याइतकंच आतल्या यंत्राला महत्त्व. २०१८ ची बुगाटी शिरॉन ३,५९९ तुकड्यांची आहे आणि खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराची आहे. त्याच वर्षी लेगोने पूर्ण आकाराची, माणूस बसून चालवू शकेल अशी शिरॉनही बनवली. तिच्यात १० लाखांहून जास्त टेक्निक तुकडे होते.

जमवणाऱ्यांच्याही तीन जाती असतात. पहिले सीलबंद पेटी जपणारे. लेगो ठरावीक काळाने सेट बनवणं बंद करते, मग काही सेटची किंमत वाढते. दुसरे सेट बांधून कपाटात लावणारे. आणि तिसरे, मी ज्यांच्यातला आहे, ते सेट घेतानाच "यातले तुकडे मला कुठे उपयोगी पडतील?" असा विचार करणारे. माझं मत विचाराल तर निव्वळ पैसे वाढतील म्हणून पेट्या भरून ठेवू नका. कोणत्या सेटची किंमत वाढेल हे आधी सांगता येत नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत पुठ्ठ्याची पेटी वर्षानुवर्षं कोरी ठेवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

जुना सेट विकत घेताना पेटीचा नाही, तर सेट क्रमांकाचा आधार घ्या. त्या क्रमांकावरून ऑनलाइन कॅटलॉगमध्ये तुकड्यांची पूर्ण यादी मिळते. स्टिकर आणि मिनिफिगर आहेत का ते आधी विचारा, कारण हरवलेली काळी वीट सहज मिळते, पण त्या सेटपुरताच छापलेला तुकडा मिळवताना घाम फुटतो.

कस्टमायझेशनच्या पायऱ्या

१. सेटमध्ये छोटा बदल: चाकं बदलणं, रंग बदलणं, गाडी थोडी खाली बसवणं.
२. पर्यायी बांधणी: एकाच सेटचे तुकडे वापरून वेगळीच गाडी बनवणं. नवीन खर्च शून्य, डोक्याला मात्र भरपूर खुराक.
३. मॉक: म्हणजे "माय ओन क्रिएशन". पूर्णपणे स्वतःचं डिझाइन.

आपली पद्मिनी तिसऱ्या प्रकारात येते. पण त्याआधी मापाचं गणित समजून घ्यावं लागेल.

८ मिलिमीटरचं गणित

हे एकदा कळलं की निम्मा छंद कळला म्हणून समजा.

- एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत अंतर: ८ मिमी
- विटेची उंची (स्टड सोडून): ९.६ मिमी
- प्लेट म्हणजे चपट्या तुकड्याची उंची: ३.२ मिमी, म्हणजे ३ प्लेट = १ वीट

आता गंमत बघा. ५ प्लेट एकावर एक ठेवल्या की उंची होते १६ मिमी. आणि २ स्टडची रुंदीही १६ मिमी! म्हणजे तुकडे आडवे फिरवले तरी माप जुळतं. ज्या विटांना बाजूलाही स्टड असतो त्या वापरून आपण भिंतीवर आडव्या प्लेट लावू शकतो. या तंत्राला "स्नॉट" म्हणतात. नाव विचित्र आहे, पण अर्थ सरळ: स्टड्स नॉट ऑन टॉप. गाडीचा पुढचा चेहरा, जाळी, दिवे, दारांच्या गुळगुळीत बाजू, सगळं याच तंत्राने होतं.

आणखी एक हुकमी तुकडा म्हणजे जंपर प्लेट. दोन स्टडच्या जागेत मधोमध एकच स्टड असलेली ही प्लेट वरचा भाग बरोबर अर्धा स्टड, म्हणजे ४ मिमी सरकवते. ८ मिमीच्या जगात ४ मिमी मिळणं ही चैन आहे.

पद्मिनी विटांमध्ये कशी बसवायची?

खऱ्या पद्मिनीची मापं साधारण अशी: लांबी ३,९३० मिमी, रुंदी १,४६० मिमी, उंची १,४६८ मिमी आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,३४० मिमी. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी! समोरून पाहिलं तर ही गाडी चौकोनी दिसते. मी इतकी वर्षं या टॅक्सीत बसलो, पण ही गोष्ट आकडे मांडल्यावरच लक्षात आली.

पर्याय पहिला, ६ स्टड रुंद: रुंदी ४८ मिमी. म्हणजे प्रमाण साधारण १:३०. लांबी येते १२९ मिमी, म्हणजे १६ स्टड. उंची ४८ मिमी, म्हणजे बरोबर १५ प्लेट. चाकांमधलं अंतर ९.६ स्टड, ते १० धरू.

पर्याय दुसरा, ८ स्टड रुंद: रुंदी ६४ मिमी, प्रमाण साधारण १:२३. लांबी १७२ मिमी, म्हणजे साडेएकवीस स्टड. उंची २० प्लेट. चाकांमधलं अंतर १२.८ स्टड, ते १३ धरू.

कागदावर पहिला पर्याय जास्त सुबक बसतो. तुकडेही कमी लागतात. मग अडचण काय? अडचण ड्रायव्हरची! मिनिफिगर साधारण ४ सेंमी उंच असतो, पण अंगाने चांगलाच रुंद. हातांसकट त्याला जवळपास ३ स्टड जागा लागते. ६ स्टड रुंद गाडीत दोन बाजूंच्या भिंती गेल्या की आत ४ स्टड उरतात. शेजारी शेजारी दोघं बसत नाहीत, म्हणून एकाला मधोमध बसवावं लागतं. ८ स्टडमध्ये दोघं बसतात. स्पीड चॅम्पियन्सच्या गाड्या रुंद झाल्या तेव्हा हाच फायदा मिळाला. आणि टॅक्सीचा ड्रायव्हर मधोमध बसलेला कुणी पाहिलाय का? तो उजव्या बाजूलाच हवा. म्हणून मी ८ स्टड निवडले.

लांबीच्या साडेएकवीसचं काय? गाडीचं अंग २१ स्टड ठेवायचं आणि पुढचा बंपर जंपर प्लेटवर अर्धा स्टड बाहेर काढायचा. खऱ्या पद्मिनीचा बंपरही असाच पुढे आलेला असतो. जिथे गणित अडतं तिथे खऱ्या गाडीकडे पुन्हा नीट बघायचं, बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं.

चाकांनी मात्र माझी परीक्षा पाहिली. खरं चाक साधारण ६० सेंमी व्यासाचं, म्हणजे या प्रमाणात २६ मिमी. लेगोचं २४ मिमीचं टायर जवळचं आहे. पण स्पोर्ट्स कारसाठी बनवलेलं टायर १२ मिमी रुंद असतं. आपल्या प्रमाणात ते खऱ्या गाडीवर २७ सेंमी झालं! पद्मिनीचं टायर त्याच्या निम्म्याएवढंच रुंद. रुंद टायर लावलं की टॅक्सी एकदम रेसिंग कार वाटायला लागते. उपाय असा की चाक थोडं आत सरकवायचं, म्हणजे निम्मं टायर मडगार्डखाली झाकलं जातं आणि बाहेरून बारीक दिसतं. बऱ्याच टायरच्या कडेला व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, तेव्हा विकत घेण्याआधी ते आकडे वाचा. खरं तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने चाक आधी ठरवावं आणि त्यावरून प्रमाण काढावं. विटा हव्या त्या मापाच्या रचता येतात, चाकं मात्र मोजक्याच मापांत मिळतात.

काय ठेवायचं, काय सोडायचं?

हा या छंदातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ८ मिमीच्या पायऱ्यांमध्ये गाडीची प्रत्येक वळणदार रेघ येऊच शकत नाही. काहीतरी सोडावंच लागतं. मग ओळख टिकेल असं काय ठेवायचं?

माझे मामा बरीच वर्षं टॅक्सी चालवत होते. मी मॉडेल बनवायला घेतलं तेव्हा त्यांनाच विचारलं, "मामा, पद्मिनी कशावरून ओळखायची?" मला वाटलं ते बॉनेटचा आकार, जाळी वगैरे सांगतील. ते म्हणाले, "अरे, बाहेरचं मीटर आणि टपावरचं कॅरियर लाव. बाकी काळा-पिवळा रंग दिसला की माणसं आपोआप हात करतील."

त्यांचं म्हणणं मी यादी म्हणून वापरलं:

- मीटर: बॉनेटच्या डाव्या बाजूला, बाहेर. क्लिप असलेला छोटा तुकडा, त्यावर एक बाय एकची वीट आणि झेंड्यासाठी एक दांडी. दांडी फिरते, म्हणजे मीटर "डाउन" करता येतं!
- कॅरियर: मिनिफिगरच्या हातात बसणारी दांडी साधारण ३.२ मिमी जाडीची असते. अशा दांड्या आणि क्लिप जोडून जाळी होते. वर एक छोटी सूटकेस ठेवली की काम फत्ते.
- दिवे: समोरच्या आडव्या स्टडवर पारदर्शक गोल तुकडे.
- जाळी: पट्ट्यापट्ट्यांची जाळीदार टाइल, आडवी लावलेली.
- नंबर प्लेट: एक बाय दोनची पिवळी टाइल. टॅक्सीची पाटी पिवळी असते, पांढरी नाही.

आणि सोडलं काय? दारं उघडण्याची सोय सोडली, कारण बिजागरीमुळे भिंती जाड होतात आणि ड्रायव्हरची जागा जाते. मागच्या डिकीचा बाक थोडा सरळ केला. ही तडजोड कुणालाही दिसते, पण टॅक्सी ओळखायला कुणी चुकत नाही.

आत यंत्र हवं असेल तर?

चाकं फिरली की इंजिनाचे पिस्टन हलतात, स्टिअरिंग वळतं, हे सगळं टेक्निकमध्ये होतं. तिथेही तेच ८ मिमी. लेगोच्या साध्या गिअरना जितके दात, तितके मिमी त्यांचा व्यास धरायचा. ८ दातांच्या गिअरची त्रिज्या ४ मिमी, २४ दातांच्या गिअरची १२ मिमी. बेरीज १६ मिमी, म्हणजे बरोबर २ स्टड! म्हणून हे दोन गिअर दोन भोकांच्या अंतरावर अचूक जुळतात. १६ आणि १६ दातही तसेच. ८ आणि ४० घेतले तर ३ स्टड.

८ दातांच्या गिअरने २४ दातांचा फिरवला तर वेग एक तृतीयांश होतो आणि जोर, घर्षणात जाणारा भाग सोडला तर, तिप्पट. मोटर लावलेली गाडी जागेवरच घरघरत असेल तर मोठी मोटर घेण्याआधी हा बदल करून बघा. शाळेतल्या मुलांना गिअर रेशो शिकवायला यापेक्षा सोपं साधन मला माहीत नाही.

आधी कॉम्प्युटरवर, मग हातात

विटा विकत घेण्याआधी डिझाइन कॉम्प्युटरवर करा, हा माझा आग्रहाचा सल्ला.

- ब्रिकलिंक स्टुडिओ: मोफत सॉफ्टवेअर. विटा माउसने जोडायच्या. एखादा तुकडा दुसऱ्यात घुसत असेल तर ते दाखवतं आणि शेवटी तुकड्यांची यादी व बांधणीच्या पायऱ्याही बनवून देतं.
- एलड्रॉ: जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली खुली प्रणाली. आज अनेक सॉफ्टवेअर तिचीच भागांची लायब्ररी वापरतात.
- रिब्रिकेबल: तुमच्याकडे कोणते सेट आहेत ते नोंदवलं की त्या तुकड्यांतून आणखी काय बनेल ते सांगणारी वेबसाइट.
- ब्रिकलिंक: सुटे तुकडे विकणाऱ्या जगभरच्या दुकानांचा बाजार. २००० मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये लेगोने विकत घेतला.

एक सावधगिरी: प्रत्येक तुकडा प्रत्येक रंगात बनलेला नसतो. स्क्रीनवर पिवळं छप्पर छान दिसतं, पण तो वळणदार तुकडा पिवळ्यात कधी निघालाच नसेल तर काय उपयोग? म्हणून रंग उपलब्ध आहे का ते डिझाइन करतानाच तपासा. त्या दृष्टीने काळी-पिवळी सोयीची आहे, कारण काळा आणि पिवळा दोन्ही लेगोचे जुने, भरपूर मिळणारे रंग.

भारतात खर्च एवढा का येतो?

बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. त्यामुळे परदेशी दुकानातून दोन-चारशे सुटे तुकडे मागवताना तुकड्यांची किंमत, टपालखर्च आणि ड्युटी अशी तिन्हींची बेरीज करून मगच ऑर्डर द्या. मी तरी आधी घरातला साठा, मग ओळखीतल्या छंदिष्टांशी अदलाबदल, मग भारतातले विक्रेते आणि अगदी शेवटी परदेश असाच क्रम लावतो.

दुसऱ्या कंपन्यांच्या विटा चालतात का? मूळ विटेच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. विटेचा आकार हा ट्रेडमार्क होऊ शकत नाही, असा निकाल युरोपियन युनियनच्या न्यायालयानेही २०१० मध्ये दिला. म्हणजे जुळणारी वीट बनवणं कायदेशीर आहे. लेगोचं नाव, चिन्ह किंवा सेटचं डिझाइन उचलून विकणं ही मात्र सरळ नक्कल. घेताना पकड तपासा: दहा विटांचा मनोरा करून एका टोकाला धरा. झुकला किंवा सुटला तर त्या विटा गाडीच्या सांगाड्यात नकोत, पायाखालच्या रस्त्याला वापरा.

निगा कशी राखायची?

- थेट उन्हात ठेवू नका. पांढरे आणि करडे तुकडे पिवळट पडतात.
- धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने झटका. धुवायचं असेल तर ४० अंशांपेक्षा कमी गरम पाणी आणि सौम्य साबण. मोटर किंवा बॅटरीचे भाग अजिबात धुऊ नका.
- तुकडे रंगानुसार नाही, आकारानुसार डब्यांत लावा. काळ्या ढिगात एक काळी टाइल शोधून बघा, कारण कळेल! टाइलच्या डब्यात मात्र काळी टाइल लगेच दिसते.
- घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर डबे वरच्या फळीवर. छोटे तुकडे घशात अडकू शकतात.

सुरुवात कशी करावी?

महागडा सेट घ्यायची गरज नाही. स्टुडिओ डाउनलोड करा, तुमच्या घरासमोर उभी असलेली कुठलीही गाडी निवडा आणि तिची चार मापं शोधा: लांबी, रुंदी, उंची, चाकांमधलं अंतर. मग वर दिलं तसं गणित करा. गाडी कोणती का असेना, रिक्षा, लाल एसटी, दुधाचा टेम्पो, "हिची ओळख कशात आहे?" हा प्रश्न आधी तिला चालवणाऱ्याला विचारा. तुम्हाला सुचणार नाहीत अशा गोष्टी तो सांगेल.

माझी काळी-पिवळी आता पुस्तकांच्या कपाटात उभी आहे. घरी येणारी वयस्कर मंडळी तिच्याजवळ थांबतात, मीटरची दांडी खाली करतात आणि मग दादर ते व्हीटी तेव्हा किती पैसे पडायचे यावरून वाद घालत बसतात.